टेबलांची नोंद ठेवणारी टेबलं

पोस्टग्रेसवर काम करणाऱ्यांच्या बोटांना एक सवय लागलेली असते. नवा डेटाबेस समोर आला, की पीएसक्यूएलच्या काळ्या खिडकीत बॅकस्लॅश आणि डी टाइप करायचं. टेबलांची यादी येते. पुढे एखाद्या टेबलाचं नाव लिहिलं, तर त्याचे कॉलम, प्रत्येकाचा प्रकार, कुठला रिकामा चालतो, कुठला चालत नाही, इंडेक्स कोणते, सगळं छापून येतं. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की ही माहिती येते कुठून हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण डेटाबेसच्या वागण्यातली बरीच कोडी त्या उत्तरापाशी सुटतात.

उत्तर पाहणं सोपं आहे. पीएसक्यूएल सुरू करताना वजाच्या चिन्हापुढे मोठ्या लिपीतलं ई लिहायचं. मग बॅकस्लॅश डी दिलं, की यादीच्या आधी ती यादी ज्या क्वेरीतून आली तीही पडद्यावर उमटते. क्वेरी लांबलचक असते, पण ती साधी सिलेक्ट असते, आपण रोज लिहितो तशीच. फक्त तिच्यातली टेबलं आपण कधी बनवलेली नसतात: पीजी_क्लास, पीजी_नेमस्पेस, आणि पुढे टेबलाचं नाव दिलं तर पीजी_ॲट्रिब्यूटही. म्हणजे बॅकस्लॅश डी ही जादू नाही. कुणीतरी आपल्यासाठी आधीच लिहून ठेवलेली ती क्वेरी आहे.

रिलेशनल डेटाबेसात माहिती टेबलांत राहते हे सगळ्यांना ठाऊक असतं. टेबलांविषयीची माहितीसुद्धा टेबलांतच ठेवायची, ही त्यातली खरी खुबी. या टेबलांना सिस्टिम कॅटलॉग म्हणतात. शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर असतं, हजेरीपट असतो, डेड स्टॉक रजिस्टर असतं, आणि कोणकोणती रजिस्टरं ठेवली आहेत याचीही एक वही असते. कॅटलॉग म्हणजे ती वही. फरक असा, की शाळेतली वही लिपिक सवडीने भरतो. इथे त्या वहीत नोंद झाल्याशिवाय दुसरं रजिस्टर जन्मालाच येत नाही.

कल्पना जुनी आहे. एडगर कॉड यांनी 1970 साली, आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत असताना, रिलेशनल मॉडेल मांडलं. पंधरा वर्षांनी जो तो आपल्या मालावर रिलेशनलचा शिक्का मारू लागला, तेव्हा त्यांनी ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’मध्ये कसोट्यांची यादीच दिली. बारा नियम म्हणून ती ओळखली जाते. मोजणी शून्यापासून असल्याने भरतात तेरा. त्यातला चौथा नियम कॅटलॉगचा: डेटाबेसचं वर्णन साध्या माहितीसारखंच टेबलांत असावं, आणि ज्यांना परवानगी आहे त्यांना ते नेहमीच्याच भाषेत विचारता यावं. बर्कलीच्या इन्ग्रेसमध्ये सत्तरच्या दशकातच रिलेशन आणि ॲट्रिब्यूट नावाची दोन कॅटलॉग टेबलं होती. इन्ग्रेसवाले मायकेल स्टोनब्रेकर यांनीच पुढे 1986 मध्ये पोस्टग्रेसचं काम सुरू केलं. आजच्या पोस्टग्रेसच्या सोर्स कोडमध्ये पीजी_क्लासचा क्रमांक ज्या नावाने येतो ते नाव ‘रिलेशनरिलेशनआयडी’ असं आहे. घराण्याची खूण अशी मागे राहते.

आता एक टेबल बनवून पाहू. नाव विद्यार्थी, कॉलम तीन. क्रमांक पूर्णांक आणि प्रायमरी की, नाव टेक्स्ट, जन्मतारीख डेट. नावं खुशाल देवनागरीत लिहा, पोस्टग्रेसला त्यासाठी अवतरणचिन्हंसुद्धा लागत नाहीत. क्रिएट टेबल ही एका ओळीची आज्ञा दिली आणि एंटर मारलं, की आपल्याला वाटतं एक टेबल तयार झालं. आत काय झालं ते बघा.

पीजी_क्लासमध्ये एक नाही, चार ओळी पडल्या. पहिली विद्यार्थी या टेबलाची. दुसरी प्रायमरी कीच्या इंडेक्सची. त्याला पोस्टग्रेसने टेबलाच्याच नावापुढे ‘_पीकी’ असं शेपूट लावून नाव दिलं. उरलेल्या दोन आपण मागितलेल्याच नव्हत्या. नाव हा टेक्स्ट कॉलम कितीही लांब होऊ शकतो, आणि पोस्टग्रेसचं पान असतं 8 किलोबाइटचं. पानात न मावणारा मजकूर तुकडे करून ठेवायला टोस्ट नावाचं एक जोडटेबल आपोआप तयार होतं. तिसरी ओळ त्याची आणि चौथी त्याच्या इंडेक्सची. टेबल, इंडेक्स, टोस्ट, व्ह्यू, सिक्वेन्स असे सगळे पीजी_क्लासमध्ये एकत्रच नांदतात. कोण कोणता ते रेलकाइंड या कॉलममधलं एक अक्षर सांगतं: आर म्हणजे साधं टेबल, आय म्हणजे इंडेक्स, व्ही म्हणजे व्ह्यू.

पीजी_ॲट्रिब्यूटमध्ये तर 21 ओळी पडल्या. आपले कॉलम तीनच आहेत, मग 21 कुठून? प्रत्येक टेबलाला पोस्टग्रेस स्वतःचे सहा छुपे कॉलम जोडतो. ओळ कुठल्या पानावर आहे, ती कुठल्या ट्रान्झॅक्शनने लिहिली, कुठल्या ट्रान्झॅक्शनने खोडली, अशी कामाची नोंद त्यांत असते. आपल्या कॉलमांना 1, 2, 3 असे क्रमांक मिळतात. छुप्यांना वजा 1 पासून वजा 6 पर्यंत. म्हणजे विद्यार्थीचे नऊ. टोस्टचे स्वतःचे तीन आणि छुपे सहा, असे आणखी नऊ. आपल्या इंडेक्सचा एक, टोस्टच्या इंडेक्सचे दोन. बेरीज 21.

शिवाय पीजी_टाइपमध्ये दोन ओळी आल्या, कारण प्रत्येक टेबलाची ओळ हाही पोस्टग्रेसच्या लेखी एक डेटाप्रकार असतो आणि त्या प्रकाराची यादी हा दुसरा. पीजी_इंडेक्समध्ये दोन्ही इंडेक्सांची नोंद झाली, पीजी_कन्स्ट्रेन्टमध्ये प्रायमरी कीची. आणि पीजी_डिपेंडमध्ये कोण कुणावर अवलंबून आहे ते लिहिलं गेलं: इंडेक्स कन्स्ट्रेन्टवर, कन्स्ट्रेन्ट कॉलमवर, टोस्ट टेबलावर. उद्या टेबल उडवलं, की त्याच्यासोबत काय काय उडवायचं आणि कुणापाशी थांबून ‘यावर अमुक व्ह्यू अवलंबून आहे’ अशी तक्रार करायची, हे याच टेबलावरून ठरतं. ड्रॉपपुढे कॅस्केड लिहायच्या आधी पीजी_डिपेंड आठवावं.

या सगळ्या ओळींना एकमेकींशी बांधणारा धागा म्हणजे ओआयडी, 32 बिटांचा एक आकडा. आपण नावाने बोलतो, पोस्टग्रेस आकड्याने. पहिल्या 16,383 पर्यंतचे आकडे त्याने स्वतःसाठी राखून ठेवलेत; आपण बनवलेल्या वस्तूंना 16384 पासून पुढचे मिळतात. पीजी_क्लासचा स्वतःचा ओआयडी 1259, पूर्णांक प्रकाराचा 23, टेक्स्टचा 25. हे आकडे जगातल्या प्रत्येक पोस्टग्रेसमध्ये सारखेच आहेत.

देवनागरी नावं देणाऱ्यांसाठी इथे एक खाचखळगा आहे. कॅटलॉगमध्ये नावासाठी 64 बाइटांची जागा आहे, त्यातली 63 वापरता येतात. रोमन लिपीत ती 63 अक्षरं झाली. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे हाती फक्त 21 चिन्हं. ‘विद्यार्थी’तच दहा खर्ची पडतात. समजा कुणी ‘शालेय_पोषण_आहार_लाभार्थी_यादी’ असं टेबल बनवलं. त्याचे होतात 79 बाइट. पोस्टग्रेस ते कापून ‘शालेय_पोषण_आहार_लाभार्थ’ एवढंच ठेवतो, आणि कापल्याची एक सूचना देतो, जी कुणी वाचत नाही. मग त्याच धर्तीवर ‘शालेय_पोषण_आहार_लाभार्थी_शाळा’ बनवायला जावं, तर असं टेबल आधीच आहे म्हणून नकार येतो. कापल्यावर दोन्ही नावं एकच होतात ना. नावं आखूड ठेवावीत हे बरं.

टेबल बनलं. आता ते वापरताना कॅटलॉग काय करतो? सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर क्रमांक = 7, एवढी साधी क्वेरी घ्या. पोस्टग्रेसला विद्यार्थी म्हणजे काय हे मुळीच माहीत नसतं. तो पीजी_नेमस्पेसमधून स्कीमा शोधतो, मग त्या स्कीमात या नावाची ओळ पीजी_क्लासमध्ये आहे का ते बघतो. मिळाली, की तिचा ओआयडी घेऊन पीजी_ॲट्रिब्यूटकडे जातो: यात नाव आहे का, क्रमांक आहे का, त्यांचे प्रकार कोणते? इथवर ठीक. पण बरोबरीचं चिन्हही त्याला ठाऊक नसतं, हे वाचून पहिल्यांदा गंमत वाटते. डावीकडे पूर्णांक, उजवीकडे पूर्णांक, मध्ये ‘=’; या जोडीचा अर्थ काय, हे तो पीजी_ऑपरेटर नावाच्या टेबलात शोधतो. तिथे ओआयडी 96 ची ओळ सांगते, की हे काम पीजी_प्रोकमधलं अमुक फंक्शन करतं. परवानगी आहे का, हे पीजी_क्लासच्याच ओळीत लिहिलेलं असतं. पुढे क्वेरी कुठल्या वाटेने चालवायची ते ठरवणारा प्लॅनर येतो आणि क्रमांकावर इंडेक्स आहे का हे पीजी_इंडेक्समध्ये बघतो.

बरोबरीचं चिन्ह टेबलात ठेवणं हा विक्षिप्तपणा वाटेल, पण पोस्टग्रेसची सगळी ताकद तिथे आहे. नकाशांसाठीचं पोस्टजीआयएस पोस्टग्रेसमध्ये बिंदू, रेषा, क्षेत्र यांच्यासाठी नवे प्रकार आणि त्यांना लागणारी चिन्हं आणतं, ती मूळ प्रोग्रॅमला हात न लावता. गणित करणारी फंक्शनं बाहेरच्या लायब्ररीत असतात. पोस्टग्रेसला त्यांची ओळख होते ती कॅटलॉगमध्ये पडलेल्या ओळींमुळे. पीजी_टाइपमध्ये ओळी, पीजी_ऑपरेटरमध्ये ओळी, पीजी_प्रोकमध्ये भरपूर ओळी. मराठी, कोंकणीच्या अकारविल्हे क्रमवारीच्या नोंदीही अशाच पीजी_कोलेशनमध्ये सापडतात, पोस्टग्रेस आयसीयू लायब्ररीसह बांधलेलं असेल तर.

इतकी शोधाशोध प्रत्येक क्वेरीला डिस्कवर जाऊन केली, तर काम रेटणारच नाही. म्हणून प्रत्येक जोडणीमागची प्रक्रिया आपल्यापुरती कॅटलॉगच्या ओळींची प्रत मेमरीत ठेवते. दुसऱ्या कुणी टेबल बदललं, की कमिट होताना सगळ्यांना निरोप जातो: तुमच्याकडची अमुक प्रत शिळी झाली, टाकून द्या. हजारो टेबलं आणि शेकडो जोडण्या असतील तर या प्रतींचीच मेमरी डोळ्यांत भरण्याइतकी होते. मेमरी कोण खातंय याचा शोध घेणाऱ्यांनी हा कोपराही तपासावा.

एकदा हे कळलं, की आज्ञांकडे बघण्याची नजर बदलते. टेबलाचं नाव बदलायला पोस्टग्रेसला क्षणही लागत नाही, मग आत दहा कोटी ओळी का असेनात. कारण बदलतं काय, तर पीजी_क्लासमध्ये एका ओळीतलं नाव, आणि त्याच्या जोडीला पीजी_टाइपमधलं. त्या टेबलावर बेतलेले व्ह्यूही मोडत नाहीत. व्ह्यूची व्याख्या आधीच उकलून ओआयडीच्या रूपात ठेवलेली असते, त्यामुळे ती नवं नावच दाखवू लागते. मात्र पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये लिहिलेलं फंक्शन पीजी_प्रोकमध्ये निव्वळ मजकूर म्हणून पडून असतं. त्यात जुनं नाव तसंच राहतं आणि पुढच्या वेळी ते फंक्शन चालवलं की एरर येतो. ‘व्ह्यू चालतोय, मग फंक्शन का नाही,’ या प्रश्नाचं उत्तर इतकंच आहे.

कॉलम उडवणं त्याहून मजेशीर. जन्मतारीख हा कॉलम ड्रॉप केला, की टेबलातल्या एकाही ओळीला हात लागत नाही. पीजी_ॲट्रिब्यूटमधल्या त्याच्या नोंदीत ‘हा कॉलम उडवला’ अशी खूण होते, प्रकाराचा आकडा शून्य होतो आणि नाव बदलून आठ ठिपके, ‘पीजी.ड्रॉप्ड.3’, पुन्हा आठ ठिपके असं होतं. नोंद मात्र राहते. राहावीच लागते, कारण डिस्कवरच्या जुन्या ओळींत ती तारीख अजून आहे, आणि ओळ वाचताना तेवढे बाइट ओलांडून पुढे जायचं असतं. म्हणूनच कॉलम उडवला तरी टेबलाचा आकार लगेच घटत नाही. एका टेबलाला जास्तीत जास्त 1600 कॉलम असू शकतात. त्या मोजणीत हे गतप्राण कॉलमही धरले जातात. दर महिन्याला कॉलम जोडणाऱ्या आणि उडवणाऱ्या प्रोग्रॅमला हे एक दिवस नडतं.

उलट बाजूने, कॉलम जोडताना त्याला डीफॉल्ट किंमत दिली तर पूर्वी सगळं टेबल नव्याने लिहिलं जायचं. मोठ्या टेबलावर हे काम रात्री उशिरा, सगळे झोपल्यावरच करायची पद्धत होती. 2018 मध्ये आलेल्या 11 व्या आवृत्तीने ही कटकट संपवली. किंमत स्थिर असेल तर ती पीजी_ॲट्रिब्यूटमध्येच लिहून ठेवतात. जुन्या ओळीत तो कॉलम नाही असं दिसलं, की वाचताना तिथून घेतात. तरीही भर दुपारी अशी आज्ञा देताना जपून. काम क्षणाचं असलं तरी आधी टेबलावर पूर्ण लॉक मिळावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत मागे बाकीच्या क्वेरींची रांग लागते.

ट्रंकेट डिलीटपेक्षा इतकं झटपट का, तेही इथेच कळतं. टेबलाचा मजकूर ज्या फाइलमध्ये आहे तिचा क्रमांक पीजी_क्लासच्या रेलफाइलनोड या कॉलममध्ये असतो. ट्रंकेट एकेक ओळ खोडत बसत नाही. नवी रिकामी फाइल घेतो, तिचा क्रमांक त्या कॉलममध्ये लिहितो, आणि कमिट झालं की जुनी फाइल फेकून देतो. कमिटऐवजी रोलबॅक केला तर जुना क्रमांक आणि जुनी फाइल जिथल्या तिथे. टेबलाचा ओआयडी यात बदलत नाही.

रोलबॅकचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगायला हवं: कॅटलॉग हीसुद्धा टेबलंच असल्यामुळे पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवणं, बदलणं, उडवणं हे सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये करता येतं. बिगिन म्हणा, ड्रॉप टेबल म्हणा, पोटात गोळा आला तर रोलबॅक म्हणा, टेबल परत. नवा डेटाबेस बनवणं किंवा उडवणं अशा मोजक्या गोष्टी याला अपवाद आहेत. सगळीकडे हे सुख नाही. ओरॅकलमध्ये अशी आज्ञा दिली की कमिट आपोआप होतं. मायएसक्यूएल तर 8.0 आवृत्तीपर्यंत प्रत्येक टेबलाची रचना एफआरएम नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवत असे आणि त्याचं साठवणीचं इंजिन इनोडीबी आपली निराळी नोंद ठेवत असे. काम अर्ध्यावर असताना वीज गेली, की दोघांच्या नोंदी जुळत नसत. 2018 मध्ये 8.0 आलं आणि या नोंदी इनोडीबीच्या टेबलांत गेल्या.

प्लॅनरकडे परत येऊ, कारण कॅटलॉगचा सगळ्यात मोलाचा भाग तिथे कामी येतो. टेबल कसं आहे एवढंच कॅटलॉग जाणत नाही. टेबलात साधारण काय भरलंय याचाही अंदाज तो बाळगतो. ॲनालाइझ ही आज्ञा, किंवा ती आपोआप चालवणारा ऑटोव्हॅक्यूम, नेहमीच्या सेटिंगला टेबलातल्या 30,000 ओळी नमुना म्हणून उचलतो आणि निष्कर्ष पीजी_स्टॅटिस्टिकमध्ये लिहितो: कॉलममध्ये वेगवेगळ्या किंमती किती, रिकाम्या किती, सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या शंभरपर्यंत किंमती कोणत्या आणि त्यांचं प्रमाण काय.

समजा टेबलात आडनाव नावाचा कॉलम आहे आणि त्यावर इंडेक्स आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या संस्थेच्या यादीत पाटील भरपूर असणार. आडनाव = पाटील असं विचारलं, की प्लॅनरला पीजी_स्टॅटिस्टिकमध्ये पाटील दिसतो, त्याचं मोठं प्रमाण दिसतं, आणि तो इंडेक्सच्या भानगडीत न पडता सगळं टेबल सरळ वाचून काढायचं ठरवू शकतो. त्याच क्वेरीत एखादं विरळ आडनाव टाकलं तर तो इंडेक्स धरतो. क्वेरी तीच, वाट वेगळी. एक्सप्लेन लावून हे कुणालाही बघता येतं. मोठा भरणा झाल्याबरोबर क्वेरी रेंगाळायला लागली, तर आधी ॲनालाइझ चालवून बघावं. पुष्कळदा आजार तेवढाच असतो.

या टेबलात खरी आडनावं, खऱ्या किंमती जशाच्या तशा असतात, हे विसरू नये. म्हणून पीजी_स्टॅटिस्टिक सुपरयूझरखेरीज कुणाला वाचता येत नाही. इतरांसाठी पीजी_स्टॅट्स हा व्ह्यू आहे, आणि ज्या कॉलमवर तुमची परवानगी आहे तेवढंच तो दाखवतो. पासवर्डांच्या बाबतीतही तीच तऱ्हा: खरी नोंद पीजी_ऑथआयडीमध्ये, चारचौघांना दिसणारा पीजी_रोल्स, ज्यात पासवर्डच्या जागी नुसत्या फुल्या.

पीजी_क्लासमधला रेलटपल्स हा कॉलमही असाच अंदाज आहे, टेबलात किती ओळी असाव्यात याचा. काउंट स्टारला दोन मिनिटं लागत असतील आणि पडद्यावर ‘सुमारे 40 लाख’ एवढंच दाखवायचं असेल, तर हा आकडा क्षणात मिळतो. नेमका हवा असेल तर मात्र मोजण्याला इलाज नाही. 14 व्या आवृत्तीपासून, जे टेबल अजून मोजलंच गेलेलं नाही तिथे वजा 1 दिसतो.

एवढं वाचल्यावर चौकस वाचकाला एक शंका आलेलीच असेल. प्रत्येक टेबलाची नोंद पीजी_क्लासमध्ये, मग पीजी_क्लासची कुठे? पीजी_क्लासमध्येच. त्यात रेलनेम या कॉलममध्ये ‘पीजी_क्लास’ असं लिहिलेली एक ओळ आहे. पीजी_ॲट्रिब्यूटमध्ये पीजी_ॲट्रिब्यूटच्या कॉलमांची नोंद आहे. मग पहिली ओळ लिहिली कुणी? आणि सर्व्हर सुरू होताना पीजी_क्लास कुठल्या फाइलमध्ये आहे हे बघायला पीजी_क्लास उघडायचं, तर ते उघडणार कसं?

दोन्हींची उत्तरं सरळ आहेत, आणि मला ती या सगळ्या रचनेतली सर्वांत प्रामाणिक जागा वाटते. नवा सर्व्हर उभा करताना इनिटडीबी चालवतात. त्या वेळी पोस्टग्रेस एका खास अवस्थेत सुरू होतो, जिथे त्याला एसक्यूएल येतच नाही. पोस्टग्रेस.बीकेआय नावाच्या फाइलमधल्या अगदी बाळबोध आज्ञा तो पाळतो: हे टेबल बनव, ही ओळ घाल, पुढची ओळ घाल. पीजी_क्लास, पीजी_ॲट्रिब्यूट, पीजी_टाइप आणि पीजी_प्रोक या चौघांची रचना तर प्रोग्रॅममध्येच कोरलेली आहे. हा पाया पडला, की पुढची कॅटलॉग टेबलं, मग व्ह्यू, अशी चढत्या क्रमाने उभारणी होते. एकूण साठच्या वर टेबलं होतात.

फाइलच्या प्रश्नाला वेगळी युक्ती आहे. पीजी_क्लासच्या स्वतःच्या ओळीत रेलफाइलनोडच्या जागी शून्य असतं. शून्य म्हणजे ‘इथे विचारू नका’. खरा क्रमांक डेटाबेसच्या डिरेक्टरीत पीजी_फाइलनोड.मॅप नावाच्या जेमतेम पाचशे बाइटांच्या फाइलमध्ये असतो. टेबलांची माहिती टेबलांतच ठेवायचा बाणा इथे येऊन थांबतो. एक लहानशी फाइल टेबलाबाहेर ठेवावीच लागते.

एसक्यूलाइटने हा पेच आणखी साधेपणाने सोडवलाय. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये तो आहेच. त्याचा कॅटलॉग म्हणजे पाच कॉलमांचं एकच टेबल, एसक्यूलाइट_स्कीमा. ते नेहमी फाइलच्या पहिल्या पानापासून सुरू होतं, त्यामुळे शोधायचा प्रश्नच येत नाही. त्यात क्रिएट टेबलची आज्ञा मजकूर म्हणून ठेवलेली असते आणि फाइल उघडली की ती पुन्हा वाचून उकलतात. आणि त्यात त्याची स्वतःची नोंद नसते.

प्रत्येक कंपनीचा कॅटलॉग असा वेगळा, म्हणून 1992 च्या एसक्यूएल प्रमाणकाने इन्फर्मेशन स्कीमा नावाचे सामायिक व्ह्यू ठरवून दिले. एकाहून अधिक डेटाबेसांवर चालणारं काही लिहायचं असेल तर ते वापरावेत. पण टोस्ट, फाइलक्रमांक, आकडेवारी यांतलं तिथे काही नाही. ज्याला पोस्टग्रेस समजून घ्यायचाय त्याला पीजी_ ने सुरू होणाऱ्या टेबलांकडेच जावं लागतं.

कॅटलॉग टेबलंच आहेत म्हटल्यावर टेबलांचे आजारही त्यांना होतात. दर मिनिटाला तात्पुरतं टेबल बनवून अहवाल काढणारा आणि टेबल उडवणारा प्रोग्रॅम घ्या. प्रत्येक फेरीला पीजी_क्लास, पीजी_ॲट्रिब्यूट, पीजी_टाइप, पीजी_डिपेंड यांत डझनावारी ओळी पडतात आणि मरतात. मेलेल्या ओळी व्हॅक्यूम साफ करेपर्यंत जागा अडवून बसतात. एखादी जोडणी तासन्‌तास ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसली असेल तर व्हॅक्यूमचेही हात बांधलेले. मग पीजी_ॲट्रिब्यूट फुगत जातं आणि साध्यासुध्या क्वेरीचं नियोजनही जड होतं. तात्पुरतं टेबल जोडणीगणिक एकदाच बनवून दर फेरीला रिकामं करणं केव्हाही चांगलं.

शेवटी एक कळकळीची विनंती. कॅटलॉग टेबलं दिसतात, म्हणून त्यांत अपडेट लिहिण्याचा मोह होतो, आणि सुपरयूझरला पोस्टग्रेस ते करूही देतो. पूर्वी व्हारकॅर 50 चा 100 करायला टेबल नव्याने लिहिलं जायचं, तेव्हा लोक पीजी_ॲट्रिब्यूटमधला 54 हा आकडा हाताने 104 करत. वरचे चार मूळ हिशेबातलेच. 2012 च्या 9.2 आवृत्तीपासून अल्टर टेबल ते काम टेबलाला हात न लावता करतं, त्यामुळे त्या उचापतीला आता कारणही उरलेलं नाही. हाताने ओळ बदलली की तिच्यासोबत बदलायच्या बाकीच्या ओळी बदलत नाहीत, आणि चूक कळते ती बॅकअप परत लावायच्या वेळी. तेव्हा कॅटलॉग वाचा, मनसोक्त वाचा. वजा ई लावून बॅकस्लॅश डीची प्रत्येक क्वेरी उलगडून बघा, उतरवून घ्या, हवी तशी बदलून आपल्या कामाला लावा. लिहिण्याचं काम मात्र क्रिएट, अल्टर आणि ड्रॉप यांच्यावरच सोपवा.